बिलावर तीन आकडे लिहा: खान्देशातल्या कार डेकोरवाल्यांना खुलं पत्र

रामराम दुकानदार भाऊ मंडळी,

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सीटकव्हर, मॅट, हॉर्न आणि त्यासोबत काचेची फिल्म विकणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. खरं तर वाहतूक पोलिसांना लिहायचं मनात होतं. मग वाटलं, गाडी त्यांच्यासमोर जाते तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. काच काळी होते ती तुमच्या दारात.

मी अमळनेरला शाळेत विज्ञान शिकवते. फिल्म तुमच्याकडून फुटावर घेते आणि घरी स्वतःच्या हाताने लावते. माझ्या गाडीला लावली, भावाच्या गाडीला लावली, आता शेजारपाजारचेही विचारायला येतात. म्हणून गिऱ्हाईक म्हणूनही बोलते आहे आणि थोडीफार कारागीर म्हणूनही.

मागणी एकच. फिल्म विकाल तेव्हा पक्क्या बिलावर तीन आकडे लिहून द्या: गाडीच्या मूळ काचेतून किती टक्के उजेड आत येतो, फिल्ममधून किती येतो आणि दोन्ही मिळून शेवटी किती उरतो.

उन्हाबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं? मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ च्या वर गेला तर आपल्याकडे ती बातमीही होत नाही. दुपारी उघड्यावर उभी राहिलेली गाडी उघडली की सीटबेल्टचं बक्कल चटका देतं आणि स्टिअरिंग ओढणी गुंडाळून धरावं लागतं. एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे निघालं की ड्रायव्हरचा उजवा हात मनगटापर्यंत भाजून निघतो. माझ्या भावाचे दोन हात शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या माणसांचे वाटतील. त्यामुळे फिल्म लावणारे सगळे टवाळखोर असतात, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. ऊन अडवायची गरज खरी आहे. प्रश्न आहे तो ऊन आणि उजेड यांची आपण जी गल्लत करतो, तिचा.

आधी कायदा, कारण काउंटरवर त्याचं एक वाक्य सांगितलं जातं आणि उरलेलं गिऱ्हाइकाला चौकात कळतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १००. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. २७ एप्रिल २०१२ ला अविषेक गोयंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे आकडे कारखान्यातून निघालेल्या काचेचे आहेत. तिच्यावर नंतर काळी फिल्म किंवा आणखी काही चिकटवायचंच नाही, मग ते कितीही पारदर्शक असो. फिल्मवाल्यांनी त्यात बदल मागितला, तोही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेटाळला गेला. पुढे नियमच बदलला. १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लास'च्या जागी 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं आणि त्यात आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही धरली गेली. त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७० आणि ५० चे आकडे पाळले जात असतील तर फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही.

या केरळच्या निकालावर तुमच्यापैकी काही जण फार खूश आहेत. मोबाईलवर त्याची बातमी गिऱ्हाइकाला दाखवतात आणि लगेच वीस नंबरची, म्हणजे वीसच टक्के उजेड जाऊ देणारी, फिल्म कापायला घेतात. भाऊ, त्याच बातमीत ७० आणि ५० लिहिलंय, ते कोण वाचणार? शिवाय तो निकाल केरळचा. आपल्याकडचा हवालदार अजूनही २०१२ चा आदेश हातात धरून उभा राहू शकतो. दंड पहिल्या वेळी ५००, पुन्हा सापडलात तर १५००. वर फिल्म तिथल्या तिथे ओढून काढतात. तापलेल्या काचेवरून अशी ओढली की गोंद काचेवरच राहतो आणि मग तो खरवडायला गिऱ्हाईक परत तुमच्याकडेच येतं, वेगळे पैसे घेऊन. एक गोष्ट मात्र तुमच्याच कामाची आहे. केरळमधल्या त्या प्रकरणात फिल्म बनवणारी कंपनी होती, दंड झालेला गाडीवाला होता आणि फिल्म लावून देणारं एक दुकानही होतं. नोंदणी रद्द करण्याची नोटीस त्या दुकानाला आली होती. म्हणजे चलान फाटेल ते गिऱ्हाइकाचं, आपलं काय, असं समजून चालणार नाही.

आता नंबर. तुमच्या धंद्यात फिल्म नंबराने ओळखतात: पाच, वीस, पस्तीस, पन्नास, सत्तर. गिऱ्हाइकाने कुठेतरी ऐकलेलं असतं की बाजूच्या काचेला पन्नास चालतं. तो म्हणतो, पन्नास नंबर द्या. तुम्ही देता. दोघंही समाधानी. पण तो पन्नास एकट्या फिल्मचा आहे. काच स्वतःही उजेड अडवते, ती हवेची नसते. तुमच्या मूळ काचेतून ७५ टक्के उजेड येत असेल आणि तिच्यावर पन्नासची फिल्म चढवली, तर ७५ चे निम्मे, म्हणजे ३७.५ उरतात. नियमाच्या बाहेर. पस्तीसची लावली तर २६. वीसची लावली तर १५, आणि १५ टक्के उजेडात दार बंद केलं की आत कोण बसलंय ते बाहेरून दिसत नाही. सत्तरची लावली तर ५२.५, म्हणजे काठावर पास. तीही मूळ काच ७५ ची असेल तर. अनेक गाड्यांना कंपनीकडूनच हिरवट झाकेची काच येते. ती ७० ची निघाली तर सत्तरची फिल्म लावूनही ४९ येतात, एका टक्क्याने नापास. हा गुणाकार आमच्या सातवीच्या पोरी तोंडी करतात.

पुढच्या काचेचं गणित तर सुटतच नाही. ७५ च्या काचेवर नव्वद नंबरची, जवळजवळ पाण्यासारखी फिल्म लावली तरी ६७.५ उरतात आणि लागतात ७०. मागच्या काचेचंही तेच. म्हणून मी या दोन काचांना हातच लावत नाही. मागची काच घरी करण्याच्या भानगडीत कोणी पडूही नये. ती दोन्हीकडून गोलसर असते, हीट गनने फिल्म आकसून बसवावी लागते, आणि आतल्या बाजूला डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, बारीक तारा असतात. उद्या फिल्म काढताना त्यांच्यावरून ब्लेड फिरलं की तार तुटली, पावसाळ्यात मागचं दिसणं बंद.

मूळ काच मोजल्याशिवाय हे काही कळत नाही, म्हणून पहिला आकडा मागते आहे. काचेतून जाणारा उजेड मोजायचा छोटा मीटर मिळतो. चांगल्या सेरॅमिक (काळी न करता उष्णता अडवणाऱ्या) फिल्मच्या एका कामाचं तुम्ही जेवढं बिल करता, तेवढ्यात तो येऊ शकतो. मी शाळेत मुलांना मोबाईलच्या उजेड मोजणाऱ्या ॲपवर दाखवते. ढगाळ दिवशी किंवा पूर्ण सावलीत मोबाईल एका जागी ठेवायचा, आधी काचेशिवाय आकडा घ्यायचा, मग मध्ये काच धरून, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. हे ढोबळ आहे, चौकात कोणी मानणार नाही, पण पन्नास नंबर लावला म्हणजे शेवटी पन्नास टक्के उरत नाहीत, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं. तुम्ही तर धंदा करता, तुमच्याकडे खरा मीटर हवा.

दुसरी गल्लत तुमच्या त्या बल्बची. काउंटरवर एक मोठा लाल बल्ब असतो, त्याच्यापुढे साधी काच आणि फिल्म लावलेली काच आळीपाळीने धरतात. गिऱ्हाइकाला हात पुढे करायला सांगतात. साध्या काचेमागे हात भाजतो, फिल्ममागे गार लागतो. गिऱ्हाईक थक्क. "९५ टक्के गर्मी अडवते, ताई." माझ्यासमोरही एकाने हा खेळ केला, मोठ्या हौसेने, मीही कौतुकाने पाहिला. पण तो बल्ब म्हणजे सूर्य नव्हे. त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांत, असते. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये, चाळीस टक्क्यांहून थोडी जास्त दिसणाऱ्या उजेडात आणि राहिलेली थोडीशी अतिनील किरणांत. त्यामुळे फिल्म इन्फ्रारेडचे ९५ टक्के अडवत असेल तरी ते निम्म्याचे ९५ टक्के झाले. आणि अडवलं म्हणजे परतवलं असंही नाही. बरंचसं काच आणि फिल्मच शोषून घेतात, तापतात, आणि त्यातला काही भाग आत सोडतात. खरा आकडा असतो एकूण सौरऊर्जा किती परत गेली त्याचा. पेटीवर बारीक अक्षरांत टीएसईआर म्हणून लिहिलेला असतो. चांगल्या सत्तर नंबरच्या सेरॅमिक फिल्मचा तो साधारण ४० ते ५५ असतो. हे काही वाईट नाही, उलट चांगलंच आहे. मग खरं सांगून विकायला काय हरकत?

स्वस्त काळ्या रंगाच्या फिल्मचं उलटं. ती डोळ्यांना गार वाटते, कारण झळझळ कमी होते. उजेड ती पिते आणि काचच तापवते. दुपारी तशा गाडीत बसल्यावर काचेला आतून पालथा हात लावून बघा. दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा रंग उडतो, ती जांभळी होते, फुगे येतात. आपल्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या जुन्या काळीपिवळीच्या मागच्या काचा आठवा.

कातडीचं म्हणाल तर काळेपणाचा तिथे काही संबंध नाही. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, तो अतिनील किरणं जवळपास सगळी थोपवतो. दारांची काच एकेरी असते, तिच्यातून त्यातली काही आत येतात. स्वच्छ, बिनरंगी फिल्मसुद्धा ती ९९ टक्क्यांपर्यंत अडवू शकते. म्हणजे भावाचा हात वाचवायला गाडी काळी करायची गरज नव्हती.

रात्रीचं कोणी बोलतच नाही. फिल्म दुपारी बघून घेतली जाते आणि चालवायची असते रात्रीही. आपल्या रस्त्यांवर कापसाच्या हंगामात ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी गाठोडी लोंबत असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर माती. रावेर-यावलकडे केळीच्या गाड्या रात्रीच भरतात. बाजूचे आरसे आपण दाराच्या काचेतूनच बघतो, हे फिल्म निवडताना कुणाच्या लक्षात येत नाही. वीस नंबरच्या काचेतून उजवा आरसा म्हणजे नुसता अंधार, त्यात मागून येणाऱ्या मोटारसायकलचा एक टिमटिमता दिवा. वळताना लोक काच खाली घेऊन मान बाहेर काढतात, मी पाहिलंय. त्यासाठी एवढे पैसे मोजायचे?

"काही व्हत नही ताई, बठ्ठा लावतस." म्हणजे काही होत नाही, सगळेच लावतात. हे वाक्य मी इतक्या दुकानांत ऐकलंय की त्याची पाटी करून टांगायला हरकत नाही. पुढचं ठरलेलं असतं: पुढाऱ्यांच्या गाड्या बघा, सगळ्या काळ्या. बघते की. न्यायालयाने सूट ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांसाठी, आणि तीही गृहसचिव व पोलीस महासंचालक किंवा आयुक्तांच्या समितीने दिली तर. आपल्या तालुक्यात झेड प्लस किती जणांना आहे ते तुम्हीच मोजा. बाकीच्यांना पोलिसांनी धरावं की नाही, त्याचं पत्र त्यांना वेगळं लिहीन. पण पुढाऱ्याच्या गाडीलाही फिल्म कोणीतरी दुकानदारच लावतो ना?

आता माझ्यासारख्या घरी लावणाऱ्यांबद्दल. आम्ही थोडे असू, पण वाढतोय, कारण मोबाईलवर बघून हे जमतं असं पोरांना वाटतं. आणि जमतंही, दारांच्या काचा तरी. नोव्हेंबर ते जानेवारीच्या सकाळी करावं. मे महिन्यात काच इतकी तापते की फवारलेलं पाणी फिल्म सरकवायच्या आतच सुकतं. अंगणात आधी पाणी मारून धूळ बसवायची, पंखा बंद. काच दोन बोटं खाली घेऊन तिची वरची कड पुसायची, तिथेच सगळी घाण असते. पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब, म्हणजे फिल्म सरकते. कापायची ती काचेच्या बाहेरच्या बाजूला धरून, लायनर (गोंदावरचा सोलायचा पातळ पापुद्रा) आपल्याकडे ठेवून. मग लायनर सोलून तीच तशीच आत न्यायची. खालची कड रबराच्या आत नखाने सारायची आणि रबरी पट्टीने पाणी मधून कडेकडे काढायचं. आपल्या काळ्या मातीचा एक कण आत राहिला की टाचणीच्या डोक्याएवढा फुगा कायमचा. नंतर चार दिवस तरी काच खाली करायची नाही. माझ्याकडे त्यासाठी काचेच्या बटणावर कागदी टेप लावतात, तरी घरातलं एखादं पोर दाबतंच. मधे दुधाळ डाग दिसले तर घाबरू नये, ते पाणी आहे, काही आठवड्यांत उडून जातं.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे, म्हणूनच तुमच्याकडून अपेक्षा. फुटावर फिल्म कापून देता ती कोणत्या रोलची, त्याचा कागद कोणी देत नाही. रोल उघडा पडलेला असतो, पेटी कधीच फेकलेली, आणि "हा पन्नासच आहे" एवढं तोंडी. रोलच्या पेटीवरच्या लेबलाचा मोबाईलवर फोटो काढू द्या, इतकं तरी. फिल्म काही सातासमुद्रापलीकडून येते असंही नाही. अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे गेलं की छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाणा आणि वाळूजला, गरवारेचे कारखाने आहेत, तिथली फिल्म परदेशात जाते. तिच्या पेटीवर सगळं छापलेलं असतं. गिऱ्हाइकापर्यंत फक्त तेच पोहोचत नाही.

धातूचा मुलामा असलेली फिल्म पुढच्या काचेवर लावून द्याल तर फास्टॅग वाचायला अडचण होऊ शकते, हेही सांगत जा. सक्शनने चिकटणाऱ्या जाळ्या फिल्मला पर्याय म्हणून खपवू नका. निकालात फिल्मसोबत 'इतर कोणतेही साहित्य' असे शब्द आहेत, त्यात त्याही येतात. खपवायचंच असेल तर गाडी उभी असताना पुढच्या काचेमागे लावायचा चंदेरी पत्रा खपवा. उभ्या गाडीत सगळ्यात जास्त ऊन पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर पडतं. त्या काचेवर फिल्म चालत नाही, पण पत्र्याला कोणाचीच हरकत नाही, कारण गाडी सुरू करताना तो काढायचाच असतो. नफा कमी मिळतो, मान्य.

तीन आकडे लिहिल्याने तुमचा धंदा बसेल, असं एकाने मला तोंडावर सांगितलं. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला ३७ दिसलं तर तो फिल्मच घेणार नाही. मला वाटतं तो सत्तरची घेईल, जी महाग असते आणि जिच्यात तुम्हालाही जास्त सुटतं. समजा एखादा म्हणाला, ३७ तर ३७, लावा, तर निदान त्याला माहीत असेल की तो काय लावून चाललाय. चौकात चलान फाटल्यावर तो "दुकानदार म्हणाला चालतं" असं तरी म्हणणार नाही. तुमचं नाव तिथे निघू नये, हा तुमचाही फायदाच.

दिवाळीनंतर मावसबहिणीच्या गाडीच्या चार दारांसाठी मला फिल्म घ्यायची आहे. सत्तर नंबरची, सेरॅमिक, पेटीसकट रोल दाखवणाऱ्याकडून. अमळनेर, चोपडा, धरणगाव, पारोळा, जळगाव, धुळे, कुठेही यायची तयारी आहे. बिलावर तीन आकडे लिहिणारं दुकान मिळालं तर त्या बिलाची झेरॉक्स मी शाळेच्या प्रयोगशाळेत लावीन, टक्केवारीच्या तासाला उदाहरण म्हणून. आणि मीटर आणलात पण वापरायचा कसा हे पोरांना दाखवायला वेळ नसेल, तर एखाद्या रविवारी मी येऊन दाखवीन, चहावर.

आपली,
विज्ञान शिक्षिका, अमळनेर